नेमसर्व्हरला हात लावू नकोस

ठाणे

चि. ओंकारास,



पत्रास कारण की तू पाठवलेले तिन्ही स्क्रीनशॉट मिळाले. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने वेबसाइट नव्या होस्टिंगवर न्यायचा ठराव केला, नव्या कंपनीचा सपोर्टवाला म्हणतो 'फक्त नेमसर्व्हर बदला, बाकी आम्ही बघतो', आणि तू विचारतोयस की यातल्या कुठल्या ओळी बदलायच्या. तूर्तास एकही नाही. एवढं व्हॉट्सॲपवर लिहून भागलं असतं. पण कारण कळल्याशिवाय तू ऐकणाऱ्यातला नाहीस आणि तो सपोर्टवाला रोज फोन करणार, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक घोळ निस्तरू. 'वेबसाइटचे पैसे' म्हणून वाचनालय दरवर्षी जे बिल भरतं, त्यात चार वेगळ्या गोष्टी आहेत. एक, डोमेनचं नाव. ते रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं असतं आणि मुदत संपली की रिन्यू करावं लागतं. दोन, त्या नावाचे रेकॉर्ड जिथे ठेवलेत ते नेमसर्व्हर. तुझ्या स्क्रीनशॉटमधला तक्ता तो हाच. तीन, साइटच्या फायली आणि पुस्तकांच्या यादीचा डेटाबेस जिथे आहे ते होस्टिंग. चार, मेल. एकच कंपनी चारही विकते आणि एकाच बिलात लावते, त्यामुळे चारही एकच वाटतात आणि एक हलवायचं तर सगळी हलवावी लागतात असा समज होतो. तुमचा ठराव फक्त तिसरी गोष्ट हलवण्याचा आहे. नाव जिथे आहे तिथे राहू दे, तक्ता जिथे आहे तिथे राहू दे, मेलला तर कोणी बोटही लावू नये. तक्त्यातल्या एक-दोन ओळी बदलल्या की साइट नव्या जागी उघडते.

पण त्याआधी नाव कोणाच्या नावावर आहे ते बघ. शेताचा व्यवहार करण्याआधी आपण सातबारा काढतो, तसं. संस्थांच्या बाबतीत पुष्कळदा निघतं ते असं, की ज्या मुलाने कधीकाळी साइट करून दिली, डोमेन त्याच्याच खात्यात पडून आहे. यात बहुधा लबाडी नसते. त्या वेळी संस्थेकडे कार्ड नव्हतं, त्याने स्वतःचं वापरलं, पुढे तो नोकरीला बाहेरगावी गेला, आणि रिन्यूअलच्या सूचना आजही त्याच्या जुन्या ईमेलवर जात आहेत. तसं निघालं तर त्याला गोडीने फोन कर. त्याच रजिस्ट्रारकडे वाचनालयाच्या नावाने खातं उघडायचं आणि त्याने नाव त्या खात्यात ढकलायचं. एकाच दुकानात या कप्प्यातून त्या कप्प्यात. त्यासाठी रजिस्ट्रार बदलायला नको की ऑथ कोडच्या भानगडीत पडायला नको. मंडळातल्या कोणी 'वकिलाची नोटीस पाठवू' असं म्हटलं तर त्यांना चहा पाज.

खात्याला जो ईमेल द्याल तो वाचनालयाच्या डोमेनवरचा नको. हे फार लोक चुकतात. रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्ड विसरला तर नवा पासवर्ड ईमेलवर येतो. तो ईमेल त्याच डोमेनवर असेल आणि डोमेनच बंद पडलं असेल, तर किल्ली कुलपाच्या आत राहिली. मोठमोठ्यांची अशी फजिती झाली आहे. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊच्या सुमारास आपल्याकडे व्हॉट्सॲप बंद पडलं होतं ते आठवतं का? फेसबुकच्या नेटवर्कवर देखभालीचं काम चालू असताना एका आज्ञेने त्यांची डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली आणि नावावरून पत्ता सांगणाऱ्या त्यांच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत पोचायचे मार्ग जगाला दिसेनासे झाले. सर्व्हर जिवंत होते, पण त्यांना विचारायला कोणी जाऊच शकत नव्हतं. दुरुस्ती करणाऱ्यांची स्वतःची अवजारंही त्याच डीएनएसवर चालत असल्याने तीही बंद पडली, आणि इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावं लागलं. सगळं पूर्ववत व्हायला सहाएक तास गेले. तेव्हा एखादा साधा, वेगळा ईमेल ठेव, तो कार्यवाह आणि ग्रंथपाल दोघांनाही उघडता आला पाहिजे, आणि ओटीपीसाठी कार्यालयाच्या मोबाइलचा नंबर दे. स्वतःचा देऊ नकोस. उद्या तू पुण्याला नोकरीला जाशील.

रिन्यूअल आपोआप होईल असं लावून ठेव, आणि तरीही पैसे खरंच कापले गेले का ते बघ, कारण कार्डाची मुदत संपली की आपोआप काहीच होत नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट डॉट कॉम हे नाव रिन्यू करायचं राहून गेलं आणि हॉटमेलच्या लोकांना लॉगिन होईना. कंपनीशी काही संबंध नसलेल्या एका अमेरिकन प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावर ३५ डॉलर भरले आणि गाडी रुळावर आली. त्यांच्याकडे वकिलांची फौज होती, तुमच्याकडे एक अर्धवेळ लिपिक आहे. मुदत संपल्यावर काही दिवस सवलतीचे मिळतात, मग सोडवून घ्यायला जबर पैसे पडतात, आणि नंतर ते नाव कोणीही घेऊ शकतो. नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं. मंडळ तयार असेल तर पाच वर्षांचे पैसे एकदम भरा. आणि 'आपले डोमेन रद्द होत आहे, ताबडतोब पैसे भरा' अशी कुठल्यातरी अनोळखी कंपनीची मेल आली, तर ती सरळ कचऱ्यात.

आता तक्त्याकडे येऊ. पण तक्ता कळायला प्रश्न कसा फिरतो ते कळलं पाहिजे. इंटरनेटच्या लहानपणी, अर्पानेटच्या काळात, सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचं कार्यालय सांभाळायचं. नवं यंत्र आलं की तिथे कळवायचं, आणि मग बाकीच्यांनी फाइलची नवी प्रत उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ही व्यवस्था कोलमडायला लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आज आपण वापरतो ती रचना मांडली. कोणी कोणाला प्रत पाठवायची नाही. ज्याला गरज पडेल त्याने त्या वेळी विचारायचं, आणि मिळालेलं उत्तर ठरावीक वेळ लक्षात ठेवायचं.

या शेवटच्या कलमातच तुझं सगळं काम आहे. मिरजेतल्या कोणी तुमच्या साइटचं नाव टाकलं की त्याचा फोन त्याच्या मोबाइल कंपनीच्या रिझॉल्व्हरला विचारतो. रिझॉल्व्हरला आधीपासून माहीत असेल तर तो तिथेच उत्तर देतो. नसेल तर तो रूट सर्व्हरला विचारतो. त्यांची नावं तेरा, ए पासून एम पर्यंत, पण प्रती जगभर शेकड्यांनी, आपल्या मुंबईतही. रूट सांगतो, डॉट इन वाल्यांना विचार. डॉट इनचा सर्व्हर सांगतो, या नावाचे नेमसर्व्हर अमुक. तो नेमसर्व्हर तुझ्या तक्त्यातली ओळ वाचून पत्ता देतो. (डॉट इनची नावं एकेकाळी जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून दिली जात आणि ती मिळवताना कागदपत्रांनी जीव मेटाकुटीला यायचा. २००५ पासून निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली ती सगळ्यांना खुली झाली. तुमच्या पिढीला हे सुख फुकट मिळालं.) उत्तर मिळालं की रिझॉल्व्हर ते ठेवून घेतो. किती वेळ? तक्त्यात टीटीएल नावाचा रकाना आहे ना, तेवढे सेकंद. तुझ्याकडे तिथे ८६४०० आहे, म्हणजे पूर्ण एक दिवस.

याचा अर्थ नीट बघ. तू तक्त्यात बदल केलास की तुझ्या नेमसर्व्हरवर तो मिनिटाभरात लागू होतो, पण कालचं उत्तर हजार ठिकाणी पडून आहे, आणि त्यातलं एकही तुला परत मागवता येत नाही. ते आपापल्या वेळेला मरेल. सपोर्टवाले '४८ तास लागतील' म्हणतात त्याचाही उगम असाच आहे. डॉट कॉमच्या सर्व्हरवर नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १७२८०० सेकंद असतो, तेच दोन दिवस. नेमसर्व्हर बदलणाऱ्याला हा आकडा सोसावा लागतो. फक्त पत्त्याची ओळ बदलणाऱ्याला तो लागूच नाही, त्याला त्याच्या स्वतःच्या टीटीएलएवढंच थांबायचं असतं. आणि तो टीटीएल आपल्या हातात आहे.

म्हणून खरं काम बदलाच्या दोन दिवस आधी असतं. समजा मंगळवारी साइट हलवायची. रविवारीच पत्त्याच्या ओळीचा टीटीएल ८६४०० वरून ३०० कर. बाकी काही बदलू नकोस, पत्ता जुनाच राहू दे. सोमवार उलटेपर्यंत जुनी, दिवसभर टिकणारी उत्तरं मरून जातील आणि सगळ्यांकडे पाच मिनिटांची उत्तरं असतील. मग मंगळवारी सकाळी पत्ता बदललास तर पाच-दहा मिनिटांत बहुतेक लोक नव्या जागी जातील, आणि काही फसलं तर तितक्याच वेळात जुना पत्ता परत लावता येईल. परतीची वाट राखून ठेवणं हा याचा मोठा फायदा. आठवड्याभराने सगळं स्थिर झालं की टीटीएल पुन्हा एक-दोन तासांवर ने. काही रिझॉल्व्हर हटवादी असतात, सांगितल्यापेक्षा जास्त वेळ जुनं उत्तर धरून बसतात. त्यांच्यासाठी जुनं होस्टिंग किमान आठवडाभर चालू ठेव. पैसे वाचवायला खजिनदार त्याच दिवशी ते बंद करायला सांगतील, ऐकू नकोस. मात्र सभासद नोंदणीचा फॉर्म त्या एका दिवसापुरता बंद ठेव, नाहीतर काही अर्ज जुन्या डेटाबेसमध्ये आणि काही नव्यात जातील, आणि ते जुळवायला ग्रंथपालबाई तुलाच बसवतील.

आणखी एक बारीक गोष्ट. 'असं नाव नाही' हेही उत्तरच असतं आणि तेही साठवलं जातं. नवं उपनाव करायचं असेल, समजा ई-पुस्तकांसाठी, तर आधी तक्त्यात ओळ टाक आणि मगच ब्राउझरमध्ये ते उघड. उलटं केलंस तर 'नाही' हे उत्तर तुझ्या रिझॉल्व्हरकडे जाऊन बसेल आणि ओळ बरोबर असूनही तासभर तू डोकं आपटत राहशील.

आता तुझा दुसरा स्क्रीनशॉट. पहिली ओळ ए रेकॉर्ड, नावाच्या जागी @ हे चिन्ह. त्याचा अर्थ नुसतं डोमेन, आधी काही न लावता. त्यापुढे चार आकड्यांचा आयपी पत्ता. बदलायची ती ही ओळ. सपोर्टवाल्याला नेमसर्व्हर विचारू नकोस, 'साइटचा आयपी द्या' एवढंच म्हण. तो कुरकुर करेल, पण देईल. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ची ओळ सी-नेम आहे आणि ती नुसत्या डोमेनकडे बोट दाखवते. कोणी केलं असेल त्याचं भलं होवो, कारण पत्ता एकाच जागी बदलावा लागेल. कोणी सांगितलं की नुसत्या डोमेनलाही सी-नेम लाव, तर ते चालत नाही. सी-नेम असलेल्या नावाला दुसरा कुठलाही रेकॉर्ड ठेवता येत नाही, आणि नुसत्या डोमेनला मेलचे नि नेमसर्व्हरचे रेकॉर्ड ठेवावेच लागतात.

त्याखाली एएएए अशी एक ओळ आहे, लांबलचक पत्त्याची. ती तुझ्या नजरेतून सुटली असती असं मला वाटतं. तो आयपीव्ही६ चा पत्ता, जुन्याच होस्टिंगचा. तू फक्त ए रेकॉर्ड बदललास तर वाचनालयाच्या ब्रॉडबँडवर नवी साइट दिसू शकेल आणि जिओच्या फोनवर मात्र जुनीच, कारण आपल्याकडच्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास चालतं आणि फोन आधी त्याच पत्त्यावर जातो. मग 'मला दिसते', 'मला नाही दिसत' असा वाद मंडळाच्या ग्रुपवर रात्रभर चालेल आणि दोन्ही बाजू खऱ्या असतील. नव्या होस्टिंगकडे आयपीव्ही६ चा पत्ता असेल तर तो घाल, नसेल तर ती ओळ काढून टाक. तिचाही टीटीएल आधी कमी करायचा, हे वेगळं सांगायला नको.

ओळ भरताना पॅनल नावापुढे डोमेन स्वतःच जोडतं. तू पूर्ण नाव लिहिलंस तर डोमेन दोनदा लागतं आणि भलतंच नाव तयार होतं. सेव्ह केल्यावर पॅनलने काय लिहिलं ते एकदा वाचून बघ.

आता मेल. नेमसर्व्हर बदलायला माझा मुख्य विरोध याच्यासाठी आहे. नेमसर्व्हर बदलले की तुझा अख्खा तक्ता मागे राहतो आणि नव्या कंपनीचा कोरा तक्ता लागू होतो. त्यात त्यांच्या साइटचा पत्ता तेवढा असतो. मेल कुठे द्यायची ते सांगणाऱ्या तुमच्या एमएक्सच्या दोन ओळी, टीएक्सटीच्या तीन, काही तिथे नसतं, आणि 'बाकी आम्ही बघतो' म्हणणाऱ्याला त्या असतात हेच ठाऊक नसतं. साइट झक्क उघडते, सगळे अभिनंदन करतात, आणि मेल गप्प होते. बंद मेल दिसत नाही, कारण न आलेलं पत्र कोणाला दिसतं? एमएक्स नुसता बंद सर्व्हरकडे गेला असता तर एक वेळ परवडलं असतं, पाठवणारे सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. पण एमएक्सच नसेल तर नियमाप्रमाणे ते साइटच्या पत्त्यावरच मेल द्यायला जातात. तिथला सर्व्हर म्हणतो, असा माणूस इथे नाही, आणि पत्र तिथल्या तिथे परत जातं. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांची अनुदानाची मेल अशी परत गेली तर काय होईल ते तूच मंडळाला समजाव.

एमएक्सच्या दोन ओळींत १० आणि २० असे आकडे आहेत. लहान आकड्याला पहिला मान, तो बंद असेल तर दुसरा. त्यांना हात लावू नकोस. टीएक्सटीच्या तीन ओळींत मात्र एक दोष आहे आणि तो बहुधा जुनाच आहे. दोन ओळी 'व्ही=एसपीएफ१' अशा सुरू होतात. ही एसपीएफची ओळ जगाला सांगते की आमच्या नावाने मेल कोणकोणते सर्व्हर पाठवू शकतात, आणि ती एकच असावी लागते. दोन असल्या तर तपासणारा दोन्ही बाद ठरवतो. थकीत वर्गणीची स्मरणपत्रं सभासदांच्या स्पॅममध्ये जातात अशी ग्रंथपालबाईंची तक्रार तू मागे सांगितली होतीस, त्याचं एक कारण हे असणार. कोणीतरी वर्गणीच्या पावत्या पाठवणारी सेवा घेतली, त्यांनी दिलेली ओळ जशीच्या तशी चिकटवली, आणि आधीची होती ती पाहिलीच नाही. दोन्हींतले 'इन्क्लूड' एकाच ओळीत आण, शेवट एकदाच, आणि दुसरी ओळ काढून टाक. अशा इन्क्लूडांमुळे तपासणाऱ्याला जे पुढचे प्रश्न विचारावे लागतात, त्यांची मर्यादा एकूण दहा आहे. आतल्या आत आणखी इन्क्लूड असतात आणि तेही मोजले जातात, म्हणून बंद केलेल्या सेवांची नावं तिथे ठेवू नयेत.

एसपीएफच्या जोडीला डीकेआयएम हवं, म्हणजे प्रत्येक मेलवर सही आणि ती तपासायची किल्ली तक्त्यात. तुझ्याकडे ती ओळ दिसत नाही. तुमच्या मेल कंपनीच्या पॅनलमध्ये मिळेल. किल्ली लांब असते आणि टीएक्सटीचा एक तुकडा २५५ अक्षरांपुरताच मावतो, त्यामुळे काही पॅनल ती दोन अवतरणांत तोडून मागतात. घाबरू नकोस. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी तिन्ही लागतात, तुमच्यासारख्या लहानांना निदान पहिल्या दोहोंपैकी एक तरी. डीएमएआरसीची ओळ, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी, 'पी=नन' ने सुरू कर, येणारे अहवाल काही आठवडे बघ, मग कडक कर. पण हे सगळं साइट हलवून झाल्यावर. एका दिवशी दोन गोष्टी बदलल्या की बिघाड कशाने झाला ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

नव्या होस्टिंगवर एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बघ. सीपॅनल असेल तर त्यात 'ईमेल राउटिंग' असतं, ते 'रिमोट' हवं. 'लोकल' राहिलं तर साइटवरच्या संपर्क फॉर्मची पत्रं त्या सर्व्हरच्या आतच घुटमळतात. त्याला वाटतं या डोमेनची मेल माझ्याकडेच आहे, आणि तो एमएक्स बघायच्या भानगडीत पडतच नाही.

बदल झाला का हे ब्राउझरवर ठरवू नकोस, तो स्वतःही जुनं धरून ठेवतो. विंडोजच्या काळ्या खिडकीत एनएसलुकअप लिही, पुढे डोमेन, आणि त्यापुढे ज्याला विचारायचं त्याचा पत्ता. आधी तुझ्या स्वतःच्या नेमसर्व्हरला विचार, तिथे नवं उत्तर आलं की तुझं काम बरोबर. मग ८.८.८.८ आणि १.१.१.१ या सार्वजनिक रिझॉल्व्हरांना विचार. ते अजून जुनं सांगत असतील तर चहा घे. बदलून, पुन्हा बदलून, पुन्हा पहिल्यासारखं करून बघणारे लोक मी नोकरीत पुष्कळ पाहिले. अशा वेळी तीन वेगवेगळी उत्तरं जगभर फिरत राहतात आणि कोणाकडे कुठलं आहे याचा पत्ता लागत नाही.

तिसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये 'शताब्दी' नावाचं एक उपनाव दिसतं, कुठल्याशा क्लाउड सेवेकडे जाणारं सी-नेम. ती सेवा अजून चालू आहे का? बंद असेल तर ओळ आजच काढ. सेवा सोडली आणि ओळ राहिली, तर तिथली तीच जागा दुसरा कोणी स्वतःच्या खात्यात घेऊ शकतो, आणि मग वाचनालयाच्या नावाखाली रमीच्या जाहिराती झळकतात. सरकारी नि शैक्षणिक साइटवर हे घडलेलं आहे. पुढच्या वेळी क्रम लक्षात ठेव, आधी ओळ काढायची, मग सेवा बंद करायची.

डीएनएसएसईसी तुमच्याकडे चालू दिसत नाही, तेव्हा त्याबद्दल फार लिहीत नाही. उत्तरांवर सही असते, मधल्या कोणी खोटं उत्तर घुसडलं तर पकडलं जातं, चांगली गोष्ट आहे. पण ते चालू असताना कोणी नेमसर्व्हर बदलले आणि रजिस्ट्रारकडची डीएस नोंद जुनीच राहिली, तर सही तपासणाऱ्या रिझॉल्व्हरांना सगळंच खोटं वाटतं आणि डोमेन नाहीसं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये स्लॅकसारख्या कंपनीला डीएनएसएसईसी सुरू करतानाच अशा घोटाळ्याला तोंड द्यावं लागलं. तुम्ही हे पुढे कधीतरी, सवडीने करा.

अध्यक्षांना मराठी नावाचं डोमेन हवं आहे असं तू लिहिलंस. जरूर घ्या. देवनागरीतलं डॉट भारत ऑगस्ट २०१४ पासून मिळतं आणि मराठी-कोकणीसाठी ते चालतं. आतून तक्त्यात मात्र ते 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत असतं, तेव्हा पॅनलमध्ये ते बघून दचकू नका. ते मुख्य साइटकडे वळवून ठेवा. त्यावर ईमेल चालवायचा हट्ट तूर्त नको, पुष्कळ फॉर्म तसा पत्ता अजून घेत नाहीत. आणि नवं नाव आलं म्हणून जुनं सोडायचं नाही, कधीच नाही. तुमच्या अर्बन बँकेचंच बघ. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' वर जायला सांगितलं, म्हणजे खोट्या बँक-साइटींना आळा बसेल. हेतू उत्तम. पण एखाद्या बँकेने नव्या नावावर जाऊन जुनं रिन्यू करायचं सोडलं, तर ते जुनं नाव विकत घेणाऱ्याला वर्षानुवर्षांच्या खातेदारांची पत्रं आपोआप मिळायला लागतील. वाचनालयालाही हे लागू आहे.

आता काय करायचं ते. आज फक्त पॅनलमधून झोन फाइल, म्हणजे हा अख्खा तक्ता, एक्सपोर्ट कर. ती सोय नसेल तर तक्त्याची प्रत्येक ओळ टीटीएलसकट वहीत उतरव. स्क्रीनशॉटमध्ये लांब ओळी कापल्या जातात, त्यावर भरवसा नको. ती मला पाठव. मी बघितल्यावर रविवारी टीटीएल कमी कर. शुक्रवारी संध्याकाळी किंवा वसुबारसेच्या तोंडावर हा उद्योग काढू नकोस, दिवाळी अंकांची नोंदणी चालू असते आणि सपोर्टवाले गावी गेलेले असतात. मंगळवारी सकाळी दहाला मी फोनजवळ असेन.

वहिनींना नमस्कार, दादाला सांग की गुडघ्याचं तेल पाठवलंय.

तुझी,
सुमनआत्या

ता. क. डोमेनच्या रिन्यूअलची पावती वाचनालयाच्या नावाने, पत्त्यासह मागून घे आणि फाइलला लाव. खाजगी माणसाच्या नावाची पावती ऑडिटर मान्य करत नाहीत, आणि मग ते पैसे कार्यवाहांच्या नावे येणं म्हणून दिसतात.